गुडघ्यांचं निमित्त

लग्न झालं त्या साली मच्छिंद्रगडावर मी नवऱ्याच्या पुढं धावत चढले होते. वळणावळणावर थांबून विचारायची, "आवं, फौजी गडी ना तुमी? दम लागला व्हय?" पाणी, भाकरी, माझी पिशवी, सगळं त्यांच्या पाठीवर, आणि शहाणी मी मोकळ्या हातानं जिंकत होते.

यंदा दिवाळीला मुलगा आणि नातवंडं आली, तेव्हा कोणत्या गडावर जायचं यावरून वाद झाला. नातवाला वासोटा हवा होता. हे लगेच म्हणाले, "वासोटाच. मला काय धाड भरलीय?"

दारापासून गोठ्यापर्यंत जाताना हे आता दोनदा थांबतात, ते मी रोज बघते. मी गुडघे धरले. "मला न्हाई जमायचं बाबा. अजिंक्यताऱ्यावर चला, गाडी वरपर्यंत जाते."

"हिच्यापायी सगळ्यांचा वासोटा बुडाला," हे म्हणाले. आवाजात किती दिवसांनी जोर आला होता.

वर पोचल्यावर सगळे उतरले, हे मात्र गाडीतच बसून राहिले. म्हणाले, "तू ये बघून. गुडघं सांभाळ." ते काचेतून बघत होते, म्हणून तटापर्यंत मी लंगडतच गेले.