बसच्या वेळापत्रकावरचा पेला

माझी मावशी हट्टी आहे असं अख्खं घर म्हणतं. मी म्हणते, बरं झालं, एक तरी तशी निघाली. बाकीच्यांनी आयुष्यभर मूग गिळून काय दिवे लावले ते मी बघतेच आहे.

तिचं काम ऐकलं की लोक आधी हसतात. परदेशी वाइन आणणाऱ्या एका कंपनीत ती अठ्ठावीस वर्षं फ्रेंच कागदांचं इंग्रजी करत होती. प्रत्येक वाइनबरोबर तिकडच्या तज्ज्ञाचा एक कागद येतो. त्यात तीन गोष्टी असतात: दिसते कशी, वास कसा, चव कशी. मावशीकडे फक्त पहिली. वास आणि चव दुसरे बघायचे, कारण तिने वाइनचा थेंबही कधी जिभेवर ठेवलेला नव्हता. "मला पगार बघण्याचा मिळतो, पिण्याचा नाही," असं ती तोऱ्यात सांगायची.

बघणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, हे मला तिच्या टेबलाशी बसून कळलं. फ्रेंच लोक वाइनच्या रंगाला झगा म्हणतात. इंग्रजीत ती तिथे सरळ 'कलर' लिहायची. झगा घातलेली बाटली वाचून गिऱ्हाईक हसलं असतं. पेला फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात, त्यांत फ्रेंच माणसाला अश्रू दिसतात आणि इंग्रजाला पाय. "रडणं थांबवून चालायला लावायचं, एवढंच माझं काम," म्हणत ती पाय लिहून मोकळी व्हायची. स्वच्छतेच्या शब्दांना मात्र ती कोणाला हात लावू देत नसे. 'लँपिद' म्हणजे क्लिअर, आरपार दिसणारी. 'ब्रियाँ' म्हणजे ब्राइट, आरपार तर आहेच, वर तिच्यात उजेड खेळतोय. 'व्वाले' म्हणजे हेझी, अंगावर पातळ पडदा आलेली. 'त्रूब्ल' म्हणजे सरळ सरळ गढूळ, क्लाउडी. यातली एकही पायरी फुकट चढू द्यायची नाही, हा तिचा कायदा.

त्यासाठी तिची एक रीत होती. नुसत्या कागदावरून ती शब्द उतरवत नसे. बाटली उघडायला लावायची, पेला तिरका धरायचा आणि त्याखाली बसचं एक जुनं वेळापत्रक ठेवायचं. बारीक आकडे नीट वाचता आले तर क्लिअर. कडा पुसट झाल्या तर हेझी. आकडेच दिसेनात तर क्लाउडी. ऑफिसातले तिला 'गाळणी' म्हणत आणि तिला त्याचा राग यायचा नाही.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागोमाग एका पांढऱ्या वाइनची सहाशे खोकी आली. कागदावर 'व्वाले' होतं. मावशीने हेझी लिहिलं. त्या दिवशी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला गेले होते, तेवढ्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"मॅडम, इथे ब्राइट करा," साहेब म्हणाले.

"कागदावर पडदा आहे. पेल्यातही आहे."

"भाषांतरात थोडं इकडचं तिकडे चालतं हो."

"चालतं की. अश्रूंचे पाय मीच करते. पण पडद्याचा उजेड मी करणार नाही."

"हेझी वाचून घेणार कोण?"

"ज्याला आवडेल तो घेईल. ती गाळलेली नाही, म्हणून तशी दिसते. मी काय शिवी दिलीय तिला?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुम्हाला मोतीबिंदू आहे ना, मॅडम? तुम्हाला तर सगळंच हेझी दिसत असेल."

डॉक्टरकडे जायच्या रजेच्या अर्जावरून त्यांनी ताडलं असावं. गोष्ट खरी होती. वर्षभर आम्ही ऑफिसात कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. फक्त पेले धुणाऱ्या बाईंना माहीत होतं, कारण आकडे वाचायला मावशी त्यांनाच बोलवायची. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार.

"आहे," मावशी म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत आहे. म्हणून तर आकडे बाई वाचतात. त्यांच्यावर विश्वास नसेल तर तुम्ही वाचा." तिने वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि पेला त्यावर तिरका धरला.

साहेबांनी पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शब्द ब्राइटच जाईल," ते म्हणाले.

आणि गेला. कॅटलॉगच्या चारशे प्रती छापून आल्या. शेवटच्या पानावर, भाषांतर म्हणून, मावशीचं नाव. ती गोदामात एका खोक्यावर बसली आणि काळ्या पेनने एकेक प्रत उघडून आपलं नाव खोडू लागली. साहेब धावत आले तेव्हा निम्मा ढीग झाला होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"शब्द तुमचा आहे. खाली नावही तुमचंच घाला." तिने उरलेल्या प्रती संपवल्या, पेनाला टोपण लावलं, त्या वाइनची नमुन्याची एक बाटली मागून घेतली आणि घरी आली. नोकरी संपली.

घरात गहजब झाला. "कोणाची तरी दारू गढूळ की स्वच्छ, तुला काय करायचं होतं?" मामा म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. समजा, बाईंनी मावशीचं मन राखायला आकडे पुसट आहेत म्हणून सांगितलं असलं तर? डोळा तिचा नव्हता, बोलणं दुसऱ्याचं, आणि त्यावर अठ्ठावीस वर्षं पणाला लावलेली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी लांबचं-जवळचं सगळं ठीक आहे म्हटलं त्या दुपारी तिने ती बाटली काढली. बाईही भेटायला आल्या होत्या. पेला बघून त्यांची पाचावर धारण बसली.

"मावशी, राहू दे ना," मी म्हटलं.

"का? स्वच्छ निघाली तर उद्या जाऊन साहेबांची माफी मागेन. आणि चारशे प्रतींवर माझं नाव परत लिहून देईन."

तिने खिडकीपाशी वेळापत्रक पसरलं, डावा डोळा तळहाताने झाकला आणि पेला तिरका केला. मग ती आकड्यांवर वाकली. बाई पदराचं टोक पिळत होत्या.

"सात दहा आहे की सात चाळीस?" मावशी पुटपुटली. मग पेला बाजूला करून तिने तीच ओळ नुसत्या डोळ्याने घडाघडा वाचली, आणि खालच्या सगळ्या ओळी, अगदी शेवटच्या बसपर्यंत.

"बाई," ती म्हणाली, "वर्षभर तुम्ही मला एकदाही फसवलं नाहीत."

बाई रडायलाच लागल्या. मावशीने पेला उचलला आणि जन्मात पहिल्यांदा एक घोट घेतला. तोंडात घोळवला, गिळला, आणि माझ्याकडे बघितलं.

"चांगली आहे की गं," ती म्हणाली. "मग हिच्याबद्दल खोटं कशाला बोलायचं होतं त्यांना?"