तीर्थासोबतची गोळी

बायकोच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो फुटला असता तर ती हाती लागली नसती. मांडीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेऊन तिथे स्टेंट, म्हणजे तारेची नाजूक जाळी, बसवायची होती. कवटीला हातही लावायचा नाही! माणसाला देवाने केवढं कसब दिलंय याचं मला अजून नवल वाटतं. पण तेव्हा बालाघाटच्या आमच्या देवघरात हात जोडताना, आपली हाक पोचते तरी का, अशी शंकाच मनात होती.

तिला शंका नव्हती. मी नको नको म्हणत असताना तिने देवीसाठी भरतीच्या आदल्या दिवसापासून निर्जळी उपास धरला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाण्यावाचून ती गोळी कशी गिळणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

दवाखान्याच्या आवारात देवीचं छोटं देऊळ आहे. भरती व्हायच्या आधी आम्ही तिथे टेकलो. शेजारी तिरोडीकडची एक म्हातारी बाई बसली होती, तपासणीला आलेली.

"काहून भेतं पोरी? माह्याबी डोक्यात जाळी हाय. गोळी घेतली का आज?"

"उपास हाय, मावशी. कालपासून पाणीबी नाही घेतलं."

डॉक्टरांचं बजावणं मला तेव्हा आठवलं. म्हातारी मात्र शांतपणे उठली, पुजाऱ्याकडून पळीभर तीर्थ घेऊन आली.

"तीर्थानं उपास मोडत नाही. घे याच्यासंग."

बायकोने गोळी घेतली. मी धावत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. गोळीवाचून जाळीवर रक्त गोठून लकवा झाला असता, म्हणाले, आणि कालची गोळी चुकली म्हणून काम काही दिवस पुढे ढकललं. मग जाळी निर्विघ्न बसली. बायको शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी जेवले का?" मी रडलो.

काही महिन्यांनी तपासणी झाली. फुगा जवळजवळ बुजला होता. पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले, तेही मला पुरेसं वाटलं. त्या दिवशी देवळातल्या त्या म्हातारीला मी दवाखानाभर शोधलं, ती दिसली नाही. आता मी देवीकडे काही मागत नाही. तिला आधीच सगळं ठाऊक असतं.

त्या दिवशी म्हातारीला शोधून देवळाशी परतलो तर बायको एका घाबरलेल्या अनोळखी तरुणीजवळ बसली होती. हातात तीर्थाची पळी होती.

"गोळी घेतली का, पोरी?" ती विचारत होती.