मोठ्यानं वाचलेली कादंबरी

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी एक जाडजूड कादंबरी वाचली. तिचा नायक जगण्याचा अर्थ शोधायला घरदार सोडून जातो. वाचून झाल्यावर ह्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाले, "मी नुसती नोकरीच केली गं."

शेजारचे चाचा उर्दू शाळेत मास्तर होते, वाचनाचे लई शौकीन. पण आता त्यांची नजर गेली होती. मी म्हटलं, "चाचांना वाचून दाखवा की तेच पुस्तक."

रोज संध्याकाळी चाचांच्या अंगणात मोठ्यानं वाचन सुरू झालं. नायक घराबाहेर पडला तसं चाचांनी थांबवलं. "घर छोडके कायकू गया ये? बायकोला विचारलं का त्यानं?" ह्यांनी नायकाची बाजू घेतली. वाद इतका रंगला की चहा गार झाला.

आता दुसरी कादंबरी चालू आहे. परवा माहेरी, कन्नडला, जायचं होतं. ऐनवेळी हे म्हणाले, "तू हो पुढं. नायक तुरुंगात अडकलाय, चाचांना असं अधांतरी सोडून कसं येऊ?"

मी हसत हसत एकटीच एसटीत बसले.