जांघेतले ठोके

आई मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये तीस वर्षं आया होती. बेडपॅन द्यायचे, धुवायचे, चादरी बदलायच्या. बाळंतपणं सोडली तर गेल्या वर्षी ती पहिल्यांदा स्वतः पेशंट झाली.

छातीत दुखायचं म्हणून घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात तिची अँजिओग्राफी झाली. जांघेतल्या धमनीतून नळी घातली होती, म्हणून नंतर सहा तास पाय हलवायचा नाही, असं बजावलं. वॉर्डात नातेवाइकांना मनाई. मी खाली बाकड्यावर बसून होते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने मला आत बोलावलं. जांघेत लिंबाएवढी गाठ होती, भोवती सगळं जांभळं.

"हात लावून बघ. ठोके पडतायत."

पडत होते. तरी मी म्हणाले, "काळंनिळं पडतं, सांगितलंय ना त्यांनी? उगाच डोकं चालवू नकोस." अंधेरीच्या ऑफिसात त्या आठवड्यात मला रजा मिळणार नव्हती. ते मात्र मी बोलले नाही.

तिच्या हट्टाने ओपीडीत गेलो. ज्युनियर डॉक्टरने हातही न लावता सांगितलं, "आजी, बर्फ लावा."

"पण त्यात ठोके पडतायत, डॉक्टर."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. आया होते."

तो हसला. त्याला वाईट वाटू नये म्हणून मीही हसले. आईने माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी गाठ मोसंब्याएवढी झाली, पाय टेकवेना. तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. स्क्रीनवर रक्त लाल-निळ्या रंगांत गरगरताना दिसत होतं. सोनोग्राफीच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "धमनीचं छिद्र बुजलंच नाही. तिथून रक्त बाहेर येऊन मांसात पिशवी झालीय. ही फुटली तर कठीण होतं." ऑपरेशनची गरज नव्हती. स्क्रीनवर बघत त्यांनी बारीक सुई पिशवीत नेली आणि रक्त गोठवणारं औषध हळूहळू सोडलं. काही सेकंदांत रंग विझले. एवढंसंच काम होतं. मला सुटकेऐवजी संताप आला.

डिस्चार्जच्या कागदावर गाठीचं कारण लिहिलं होतं: पेशंट सूचना न पाळता चालली.

"तू उठली होतीस?" मी विचारलं.

"तीनदा बेडपॅन मागितला. कोणी आलं नाही. अंथरुणात कशी करू? कुठल्या तरी बाईलाच ते धुवावं लागलं असतं."

तक्रारीच्या खिडकीवर मी म्हटलं, बेडपॅन दिला नाही तेही लिहा. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या चालल्या की नाही?"

"चालली."

"मग चुकीचं काय लिहिलंय?"

कागद तसाच राहिला. गाठ काही आठवड्यांत विरली. आई आता बाजारात चालत जाते. पण काही दुखलं-खुपलं तर मला सांगत नाही. शेजारणीला सांगते, आणि मला ते शेजारणीकडून कळतं.