सिलिका निळीच होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. आपली ओळख नाही, म्हणून जमत असेल.

वीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएचडी करत होतो — रेहाना आणि मी. ती कुरुंदवाडची, रोज एसटीनं यायची. सोडियम आणि कोबाल्टचं ऑक्साइड बनवायची. काळी भुकटी, आत पत्त्यांच्या कॅटासारखे थर. त्यातल्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी हलवायचं आणि ती किती वेळात शांत होतात ते मोजायचं, हे आमचं काम. साध्या धातूत थंडी वाढेल तसा हा वेळ लांबत जातो. रेहानाच्या भुकटीत तो तितका लांबेना. म्हणजे थरांमध्ये चुंबकी हेलकावे होते, आणि थंडीत ते जोर धरत होते. दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर तीन दिवस एकटी बसून तिनं हे शोधलं. परत आली तेव्हा सगळ्या विभागाला डबाभर भडंग वाटलं.

उरलेली भुकटी डेसिकेटरमध्ये होती — जाड झाकणाचं काचेचं भांडं, तळाला सिलिकाचे निळे खडे. ओलावा लागला की खडे गुलाबी होतात. आणि भुकटी कायमची बिघडते. रेहाना मला बजावायची, ‘पावणं, झाकण नीट सरकवून लावा की. माझं लेकरू हाय आत.’

एकदा ती आठवडाभर रजेवर होती, गावीच राहिली. शनिवारी मी माझा नमुना काढला, झाकण बाजूला ठेवलं आणि चहाला गेलो. तिथूनच परस्पर घरी. ऑगस्टचे दिवस. सोमवारी येऊन पाहतो तर खडे गुलाबी.

इथवर चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते, नाही का? पण मी दार लावून घेतलं. खडे ओव्हनमध्ये टाकले. दुपारपर्यंत ते पुन्हा निळे झाले. खडे होतात — भुकटी होत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. खडे जागेवर ओतले, झाकण लावलं, आणि कोणाला काही बोललो नाही.

खात्री करायची म्हणून सरांनी तीच भुकटी पुन्हा मोजायला पाठवली. हेलकावे गायब.

‘ओलावा लागला असंल, सर,’ रेहाना म्हणाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. डेसिकेटरची जबाबदारी माझी होती.

मी म्हणालो, ‘सिलिका निळीच होती.’

खोटं होतं का हे? शेवटचं पाहिलं तेव्हा निळीच होती की — या एका पळवाटेवर मी इतकी वर्षं काढली.

‘मग पहिले आकडे काय कुरुंदवाडच्या बाजारातनं आणलासा, बाई?’ सर म्हणाले. दोघं-तिघं हसले. मीही हसलो. ओलावा नव्हता, तर आकडे बनावट — दुसरा अर्थच उरला नव्हता. तो मीच उरू दिला नाही. वर्षभरात तिनं संशोधन सोडलं.

आता दारावर माझ्या नावाची पाटी आहे. डबा मी एकटाच खातो. विद्यार्थी कामापुरतं बोलतात, मी त्यांना जवळ येऊ देत नाही. मागे एकदा, कोणाला न सांगता, तिच्या पद्धतीनं नवी भुकटी बनवून मोजली. आलेखावरचे ठिपके तिच्या जुन्या ठिपक्यांवर जाऊन बसले. तो आलेख मी कपाटात ठेवला. का? — माझी भीती, दुसरं काही नाही.

यंदा कागलच्या एका विज्ञान प्रदर्शनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. रेहाना तिथंच भौतिकशास्त्र शिकवते. माझी ओळख तिनंच करून दिली. ‘पोरांनो, ह्यांच्या हातनं नमुना कधी बिघडला न्हाय. माझा बिघडला. का, ते मला अजून कळलं न्हाय बघा.’ पोरं हसली. तीही हसली, आणि माइक तिनं माझ्या हातात दिला.

मी बक्षिसं वाटली आणि गाडीत बसलो.

तिचे आकडे खरे होते. भुकटी मी बिघडवली. एवढं मला तिला सांगायचं आहे, आणि त्या दिवशी तिच्यावर जे हसले त्यांनाही. अजून सांगितलेलं नाही.