धूर पुरायची बैठक आणि वैशाख वद्य पंचमी

बायको गेली वैशाख वद्य पंचमीला. वर्ष भरत आलं तेव्हा मी मुलाकडे चंदीगडला होतो. गावात एकट्यानं राहून पाहिलं, जमलं नाही. इथंही जमत नव्हतं. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कुठं जावं ते कळायचं नाही. सरळ रस्ते, सगळे चौक सारखे. चालून चालून चपला झिजवल्या.

मुलगा युनिव्हर्सिटीत रसायन शिकवतो. त्या वर्षी त्याला दिल्लीच्या एका सरकारी कमिटीवर घेतलं होतं. काम काय, तर कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरातला कार्बनचा वायू चिमणीतून सुटायच्या आधीच वेगळा काढायचा, दाबायचा आणि खोल खडकाखाली पुरून टाकायचा. देशानं हे करावं का, कोणत्या कायद्यानं, त्याचं धोरण ही माणसं लिहिणार. मी सातवी नापास. म्हटलं, "आपण माणूस जाळतो, आणि तुम्ही धूर पुरताय?"

वर्षश्राद्धाचा दिवस काढायला मी सेक्टरातल्या मंदिरात गेलो. पंडितजींना तिथी सांगितली. त्यांनी पंचांग चाळून तारीख दिली, पक्की म्हणाले. नेमकी त्याच दिवशी दिल्लीची बैठक.

मुलगा म्हणाला, धोरणातलं त्याच्या वाट्याचं प्रकरण त्याच दिवशी चर्चेला आहे. वायू पुरून कंपनी निघून गेली, तर पुढं त्याच्यावर नजर कोणी ठेवायची, एवढंच त्यात होतं. वीजवाल्यांना ते नकोच होतं. हा गेला नाही तर ते गाळणार.

मी म्हटलं, "धुराला कमिटी आहे. तुझ्या आईला तू एकटाच आहेस."

दुसऱ्या दिवशी त्यानं दिल्लीला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. मी आपला गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिलो.

दोन दिवस आधी गावाहून मेव्हणीचा फोन आला. तीळ, दर्भ, सगळं आणलं म्हणून मी सांगितलं.

"दाजी, डोकं ठिकाणावर हाय का? अजून चैत्र चाललाय. पंचमीला महिना हाय."

तसाच मंदिरात गेलो. पंडितजी शांतपणे म्हणाले, इकडे महिना पौर्णिमेला संपतो, तुमच्यासारखा अमावास्येला नाही, म्हणून वद्य पक्ष आधी येतो. म्हणजे त्यांचा वैशाख वद्य तो आपला चैत्र वद्य. दोन्ही पंचांगं खरी. माझंच टाळकं फिरलं.

घरी येऊन मुलाला सांगितलं, जा दिल्लीला.

"आबा, मी नाही म्हणून कळवलंय. आता न बोलावता कसा जाऊ?"

"तुझ्या आईच्या मयताला कोणाला बोलावणं धाडलं होतं? तरी गल्ली भरली होती. ऊठ."

सकाळी सेक्टर सतराच्या स्टँडवरून त्याला बसमध्ये बसवलं. तो परत येईपर्यंत माझा पाय घरात ठरला नाही.

आला तो थकून. म्हणाला, मागच्या खुर्चीवर बसवलं, पण प्रकरण निघालं तेव्हा उठून बोललो. गाळलं नाही. नजर सरकारनं ठेवायची की कंपनीनं, यावर मात्र भांडण झालं. ते आता पुढच्या बैठकीत, महिन्याभरानं.

"महिन्याभरानं? तारीख कोणती?"

"सांगतो," तो बूट काढत म्हणाला. "आधी मावशीला फोन लावा."