सासऱ्यांना जेवू घालण्याचा हट्ट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात शहाणपणाचा कणही नाही. स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा, एवढंच आहे.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. माझे सासरे काटोलकडचे संत्रा बागायतदार. माणूस लाखात एक, पण एका रीतीला चिकटलेला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही. जेवण सोडा, पाणीसुद्धा नाही! आमच्या लग्नाला तीन वर्षं झालेली, पाळणा काही हलला नव्हता. इतवारीच्या बाजारात खरेदीला आले की सासरे प्रताप नगरात आमच्याकडे येत, लेकीला डोळे भरून पाहत आणि चहा प्यायला शेजारच्या काकूंकडे जात! मग काकू गल्लीभर सांगत, "जावई कपभर चहा नाही विचारत जी सासऱ्याले!"

आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही? मी पक्कं ठरवलं, यांना जेवू घालीन तरच नावाचा वसंता.

तेव्हा काटोल रोडला एक नवं रिसॉर्ट निघालं होतं. अख्खं नकली खेडंच वसवलेलं! सारवलेल्या झोपड्या, बैलगाडी, छोटी रेल्वे, आकाशपाळणा. मी म्हटलं, "मामाजी, तिथं तं जेवाल न? ते काही लेकीचं घर नाही."

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हॉटेलात जेवाले हरकत नाही, बापू. पण आठची एसटी पकडाची हाये मले."

एसटी रिसॉर्टच्या फाटकासमोरच थांबायची. आणखी काय पाहिजे?

गेलो. फाटकावर मोठ्या ऐटीत तिघांची तिकिटं काढली. बैलगाडी पाहून सासरे म्हणाले, "हे पाहाले मी घरची जोडी सोडून आलो?" छोट्या रेल्वेत मात्र पिशवी पोटाशी धरून दोन फेऱ्या मारल्या. त्यांची लेक, म्हणजे आमची सुशीला, हसून हसून लाल झाली.

सात वाजता जेवायला आमच्या झोपडीशी आलो आणि सासरे उंबऱ्याबाहेरच थबकले. दारावर पाटी होती. त्या खेड्याची ती गंमतच होती म्हणे. प्रत्येक कुटुंबाला एक झोपडी, आणि दारावर खडूनं त्यांचं नाव. मॅनेजरनं विचारलं तेव्हा मीच रुबाबात सांगितलं होतं, नुसतं माझं नको, बायकोचंही लिहा! आता तिथं टपोऱ्या अक्षरांत होतं, 'सौ. सुशीला व श्री. वसंतराव यांचे घर'.

"हे तं लेकीचं घर हाये," सासरे म्हणाले.

"बाबा, हॉटेलची झोपडी हाये ते!" सुशीला म्हणाली.

"मंग घर काहून लिवलं वं?"

मी चटकन पाटी उतरवली.

"पाटी काढल्यानं घर बदलते का, बापू?"

आली का पंचाईत! आत पानावर भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, सगळं निवून राहिलेलं. दुसरी झोपडी मागितली, तर मॅनेजर म्हणाला, "साऱ्या भरल्या साहेब." घड्याळ पुढं सरकतंय. पण मी हटतो काय? खडू मागवला, आमची नावं पुसली आणि ठसठशीत लिहिलं, 'श्री. गणपतराव यांचे घर'.

"घ्या मामाजी. घर तुमचं. आम्ही पाहुणे."

सासऱ्यांनी पाटी दोनदा वाचली. मग जोडे काढले, आत गेले आणि ऐसपैस मांडी घातली. तीन भाकरी खाल्ल्या हो त्यांनी! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ठेच्याचा वाटा त्यात थोडाच. वर ते वाढप्याला दटावत होते, "अरे, जावई घरी आले, वाढ न गा त्यायले!" मी फुगून सुशीलाकडे पाहिलं. जिंकलो!

तेवढ्यात फाटकावर एसटीचा हॉर्न वाजला. सासरे उठले.

"चाल वं सुशे."

"तिले कुठं नेता?" मी विचारलं.

"लेक माहेरी जेवली अन् तशीच परत धाडू? लोकं काय म्हनतीन मले? आठ दिवस राहू द्या तिले, मंग ओटी भरून पाठवतो."

"अहो मामाजी, पण ही झोपडी..."

"घर कोनाचं ते तुम्हीच लिवलं न, बापू?"

मी मोठ्या आशेनं सुशीलाकडे पाहिलं. ती पदर खोचून एसटीच्या दिशेनं केव्हाच निघाली होती!

बरं, सासऱ्यांना जेवू घातलं म्हणावं, तर तेही नाही. जेवून आलो मीच, त्यांच्या घरी!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डब्याविना बसलेलो पाहून शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "काहून गा, वहिनी नाही का घरी?"

"माहेरी गेली."

"अशी एकाएकी? कोणी नेऊन पोचवली?"

"मीच," म्हटलं, "तिकीट काढून."